अपहाराची सगळी रक्कम परत भरली तर शिक्षा टळते का?

प्रश्न : मानद खजिनदार

एका आस्थापनेतील कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेचा मी गेली सहा वर्षे मानद खजिनदार आहे. संस्थेत पगारी लिपिक एकच असून भरणा घेणे, पावती फाडणे, पासबुकात नोंद करणे आणि संध्याकाळी रोजकीर्द लिहून रोकड जुळवणे ही चारही कामे त्याच्याकडेच होती. असे असायला नको होते हे आता आम्हाला सगळेच सांगतात आणि ते खरेही आहे, त्यामुळे त्याविषयी येथे पुन्हा कोणी लिहू नये अशी विनंती आहे.

जानेवारी २०२५ मध्ये एक सभासद आपल्या ठेवीचा हिशेब विचारायला आले. त्यांच्या पासबुकात आणि त्यांच्याजवळच्या पावतीवर ५,००० रुपये होते, तर पावतीपुस्तकातील त्याच क्रमांकाच्या स्थळप्रतीवर, म्हणजे संस्थेकडे राहणाऱ्या प्रतीवर, ५०० होते. मागच्यापुढच्या स्थळप्रतींवर कार्बनचा निळसर, किंचित पसरलेला ठसा होता. या एका प्रतीवर मात्र थेट पेनाने लिहिलेले होते, म्हणजे मूळ पावती लिहिताना खाली कार्बन ठेवलेलाच नव्हता. त्या रात्री आम्ही तिघांनी जुनी पावतीपुस्तके पानापानाने तपासली तेव्हा अशा ८७ स्थळप्रती निघाल्या. त्यांतील पहिली नोव्हेंबर २०२३ मधली, शेवटची डिसेंबर २०२४ मधली आणि एकूण फरक ६,४०,००० रुपयांचा. एखाद्याने ठेव मोडली की ती दुसऱ्याच्या भरण्यातून भागवायची, अशी ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर घालत लिपिकाने चौदा महिने काढले होते.

त्याने सर्व कबूल केले, तसे लिहून दिले आणि तीन आठवड्यांत ५,२५,००० रुपये भरले. उरलेली रक्कम महिनाभरात भरायची त्याची तयारी आहे. आता संचालक मंडळात दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की पैसे आले, संस्थेचे नुकसान उरले नाही, तेव्हा राजीनामा घ्यावा आणि ‘संस्था पोलिसांत तक्रार करणार नाही’ असे मुद्रांकावर लिहून देऊन विषय संपवावा. दुसरा गट तक्रारीवर ठाम आहे. रक्कम परत केल्यावर गुन्हा उरतो का, उरत असल्यास प्रत्यक्षात किती शिक्षा होऊ शकते, आणि आम्ही गप्प राहिलो तर आमच्यावर काही येते का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : फौजदारी बाजू

मी फौजदारी न्यायालयांत वकिली करतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: रक्कम परत केल्याने गुन्हा पुसला जात नाही. अपहार ज्या क्षणी अप्रामाणिक हेतूने झाला त्याच क्षणी गुन्हा पूर्ण होतो, आणि नंतरच्या भरण्याचा विचार न्यायालय जामिनाच्या व शिक्षेच्या वेळी करते. ‘मी परत भरणारच होतो’ हा बचाव तर कायदा करणाऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच ओळखला होता. मालमत्तेच्या अप्रामाणिक अपहाराच्या कलमाखाली (जुन्या भारतीय दंड संहितेचे ४०३, आताच्या भारतीय न्याय संहितेचे ३१४) असे स्पष्टीकरण आहे की तात्पुरता अपहार हाही अपहारच होय, आणि त्याखालचे उदाहरण बोलके आहे. एखाद्याला दुसऱ्याची सरकारी वचनचिठ्ठी सापडते, ती कोणाची आहे हे त्याला ठाऊक असते, तरीही पुढेमागे परत करायच्या इराद्याने तो ती गहाण ठेवून कर्ज काढतो. त्याने गुन्हा केला आहे.

आपल्या प्रकरणात मात्र कलम ३१४ नव्हे, त्यापेक्षा जड असे कलम ३१६ लागेल, कारण पैसा लिपिकाला वाटेत सापडला नव्हता, विश्वासाने त्याच्याकडे सोपवलेला होता. कायद्याच्या मराठी प्रतीत यास फौजदारीपात्र न्यासभंग म्हणतात. पोलीस आणि वृत्तपत्रे त्यालाच विश्वासघात किंवा अफरातफर म्हणतात. या कलमाची गंमत अशी की त्यात शिक्षा रकमेवर ठरत नाही, सोपवलेला पैसा कोणत्या नात्याने हाती आला यावर ठरते. कोणीही सामान्य माणूस असल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही. लिपिक किंवा नोकर असल्यास सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. लोकसेवक, बँकर, व्यापारी, दलाल, मुखत्यार किंवा अभिकर्ता या नात्याने असल्यास दहा वर्षांपर्यंत किंवा थेट आजन्म कारावास. म्हणून सहा लाखांचा अपहार करणारा लिपिक सात वर्षांच्या मर्यादेत राहतो, आणि साठ हजारांचा अपहार करणारा सरकारी रोखपाल आजन्म कारावासाच्या कलमाखाली येतो.

याशिवाय स्थळप्रतींवर खोटे आकडे लिहिले गेले असल्याने हिशेबांच्या खोटेकरणाचे कलम ३४४ लागेल. त्याचीही मर्यादा सात वर्षांची आहे. माझ्या मते हे कलम आपल्या मंडळातील पहिल्या गटाने नीट वाचावे. लिपिकाच्या न्यासभंगाचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटवता येतो, कारण त्यात मालमत्तेच्या मालकाचे नुकसान हा गाभा मानला आहे. खोट्या हिशेबाचा गुन्हा तसा मिटवता येत नाही.

आता प्रत्यक्ष शिक्षेविषयी. असे खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात आणि त्यांना तीन वर्षांपेक्षा अधिक कारावास देण्याचा अधिकारच नाही. ती शिक्षा अपुरी वाटल्यास ते प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात आणि तेथे मर्यादा सात वर्षांची आहे. पण ते नेहमी घडत नाही. त्यामुळे कलमात सात वर्षे लिहिलेली असली तरी पहिलाच गुन्हा, कबुली आणि परतफेड अशा प्रकरणांत निकाल त्याच्या बराच अलीकडे थांबतो. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची, म्हणजे परिवीक्षेची, मागणीही बचाव पक्ष करतोच. आजन्म कारावासाच्या कलमात दोषी ठरलेल्यास १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमातील ही सवलत मिळत नाही; लिपिकाला ती मागता येईल, मिळेलच असे नव्हे.

उत्तर २ : निवृत्त शाखाधिकारी

वकीलसाहेबांनी कायदा बरोबर सांगितला आहे, तरी मी थोडे वेगळे मांडतो. बँकेत छत्तीस वर्षे काढली आणि रोखपालाच्या खिडकीआड माणूस कसा घसरतो हे जवळून पाहिले आहे. पहिल्यांदा उचललेले पैसे बहुतेक जण खरोखरच परत ठेवतात. त्याने धीर चेपतो आणि दुसऱ्या वेळी आकडा मोठा होतो. असा माणूस निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. परंतु नोकरी गेली, समाजात नाव गेले, पैसे भरले, त्यानंतर आणखी पाच-सहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायला लावून संस्थेच्या हाती नेमके काय पडणार?

दुसरे असे की या शिक्षांमधील प्रमाण मला कधीच पटलेले नाही. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी स्वतः पत्र लिहून सांगितले की ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. एप्रिल २०१५ मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात अपिलात ती स्थगित होऊन जामीनही मिळाला. आपल्या लिपिकाच्या कलमातील कमाल मर्यादाही सातच वर्षांची! पांढरपेशा गुन्हेगारीविषयी कठोर बोलणारे नेमके कोणाशी कठोर वागतात, हे एकदा पाहायला हवे. म्हणून माझा सल्ला असा की उरलेली रक्कम व्याजासह घ्यावी, मुद्रांकावर लिहून द्यावे आणि माणसाला जाऊ द्यावे.

उत्तर ३ : फौजदारी बाजू

आपल्या अनुभवाविषयी मला आदर आहे, पण मुद्रांकाचा सल्ला कृपया मागे घ्यावा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ खाली जी उदाहरणे आहेत त्यांत हुबेहूब हीच गोष्ट आहे: दरोड्याबद्दल लावलेला खटला सोडून देण्याचे वचन एकाने द्यायचे आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्याने घेतलेल्या वस्तूंची किंमत परत करायची, असा करार शून्य आहे. फौजदारी कारवाई दाबून टाकण्याची किंमत म्हणून पैसे घेणे कायद्याला मान्य नाही. असा कागद संस्थेला वाचवणार तर नाहीच, उलट अपहार ठाऊक असूनही मंडळाने तो झाकला याचा सही-शिक्क्याचा पुरावा ठरेल. रक्कम अवश्य घ्यावी, ती अपहृत रकमेची वसुली म्हणून रीतसर पावती देऊन घ्यावी, आणि तिच्यासोबत कोणतेही वचन देऊ नये.

कायदेमंडळाने परतफेडीला कोठेच महत्त्व दिलेले नाही असेही नाही. नव्या संहितेत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी प्रथमच करणाऱ्याने माल किंवा त्याची किंमत परत केली तर कारावासाऐवजी समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. न्यासभंगाला मात्र तशी सवलत दिलेली नाही, आणि मला ते योग्य वाटते. चोर कुलूप फोडतो, येथे किल्लीच त्याच्या हाती दिलेली असते.

सत्यमविषयी आपली टोचणी रास्त आहे, पण त्या प्रकरणानंतर कायदा बदलला हेही नोंदवले पाहिजे. तो खटला जुन्या दंड संहितेखाली चालला. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ४४७ नुसार आज कंपनीच्या कारभारातील मोठ्या कपटाला सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत कारावास आहे, सार्वजनिक हिताचा प्रश्न गुंतलेला असल्यास किमान तीन वर्षे आहेत, आणि दंड कपटाच्या रकमेइतका तरी हवा, तो तिच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. येथे रक्कम शिक्षेला जोडलेली आहे. किमान दहा लाख रुपये किंवा उलाढालीचा एक टक्का, यांपैकी जे कमी असेल तेवढ्या कपटापासून ही जड शिक्षा सुरू होते. लोकसेवकाने केलेल्या अपहाराला भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाखाली २०१८ च्या दुरुस्तीपूर्वीपासूनच चार वर्षांची किमान शिक्षा आहे. फसवणूक किंवा बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यातून आलेला पैसा फिरवून पांढरा केला तर २००२ च्या मनी लाँडरिंग कायद्याखाली तीन ते सात वर्षांची सक्तमजुरी वेगळी. त्या कायद्यात खरा जाच शिक्षेपेक्षा जामिनाचा आहे, कारण कलम ४५ मुळे आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे असे न्यायालयाला आधी वाटावे लागते. यातील काहीही आपल्या लिपिकाला लागू नाही. मोठ्यांसाठी कायदा मऊ आहे असे म्हणण्यापेक्षा मोठ्यांचे खटले लांबतात असे म्हणणे अधिक अचूक होईल.

उत्तर ४ : ताळेबंद

मी सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करतो. वरील चर्चा ‘तक्रार करावी की नाही’ अशी चालली आहे. प्रत्यक्षात तो पर्याय मंडळाच्या हाती फार काळ राहणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार लेखापरीक्षकाला हिशेबासंबंधी गुन्हा आढळला तर त्याने निबंधकाकडे विशेष अहवाल द्यायचा असतो आणि निबंधकाच्या लेखी परवानगीने स्वतः प्रथम खबर नोंदवायची असते. त्याने टाळाटाळ केल्यास त्याच्यावरच अपात्रतेची वेळ येते. ५,२५,००० रुपये एकरकमी जमा झाल्याची नोंद रोजकीर्दीत दिसल्यावर ती कशाची, हे कोणताही लेखापरीक्षक विचारणारच. त्यामुळे आज आपण न केलेली तक्रार वर्षअखेरीस दुसरे कोणी करील, आणि त्या तक्रारीत ‘मंडळास जानेवारीपासून माहिती होती’ असे वाक्य असेल.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. केवळ निष्काळजीपणा हा न्यासभंग नव्हे. त्याला अप्रामाणिक हेतू लागतो, आणि आपण पैसे घेतलेले नाहीत की घेऊ दिलेले नाहीत. मात्र याच अधिनियमाच्या कलम ८८ खाली जाणूनबुजून केलेल्या हयगयीमुळे संस्थेचे नुकसान झाले असे ठरले तर जबाबदार पदाधिकाऱ्यांकडून व्यक्तिशः वसुली होऊ शकते. ही शिक्षा नाही, भरपाई आहे, पण ती आपल्या खिशातून जाते. रोज संध्याकाळी रोकड शिल्लक पडताळल्याची सही कोण करत होते, हे चौकशी अधिकारी पहिल्या तासात पाहतो. ती सही आपली असेल आणि मागे प्रत्यक्ष मोजणी नसेल तर तसेच सांगावे, सारवासारव करू नये.

आणखी एक विचारावेसे वाटते. ८७ हा आकडा आपण फक्त पावतीपुस्तकांवरून काढला आहे का? ठेवी मोडताना दिलेल्या व्हाउचरांवरील सह्या आणि कर्जहप्त्यांच्या पावत्या तपासल्या नसतील तर आकडा वाढण्याची शक्यता मी धरून चालेन. सर्व सभासदांची पासबुके मागवून खतावणीशी जुळवल्याशिवाय ‘एकूण अपहार ६,४०,०००’ असे कोठेही लेखी देऊ नका.

मानद खजिनदार

सर्वांचे आभार. ताळेबंद यांनी विचारले ते खरे आहे. कर्जहप्त्यांच्या पावत्या आम्ही पाहिल्याच नव्हत्या. काल पाहायला सुरुवात केली आणि पहिल्याच पुस्तकात तशाच चार स्थळप्रती सापडल्या. सहीविषयीही सांगतो. शिल्लक पडताळल्याची सही माझीच आहे आणि महिन्यातील बहुतेक दिवसांच्या सह्या मी शनिवारी एकदम करत असे.

निवृत्त शाखाधिकारी यांचे म्हणणे मला भावनेच्या पातळीवर पटत होते, पण आता तक्रार करायचे मंडळाने बहुमताने ठरवले आहे. दोन शंका उरतात. अपहार नोव्हेंबर २०२३ ते डिसेंबर २०२४ या काळातील आहे, मग जुना कायदा लागेल की नवा? आणि त्याचा लेखी कबुलीजबाब पुरेसा पुरावा ठरेल का? तो लिहून घेतला तेव्हा अध्यक्ष त्याला म्हणाले होते, ‘सगळे लिहून दे, पैसे भर, पुढे आम्ही काही वाढवणार नाही.’

उत्तर ५ : फौजदारी बाजू

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या नोंदींना जुनी दंड संहिता लागेल, म्हणजे लिपिकाच्या न्यासभंगासाठी कलम ४०८ आणि खोट्या हिशेबासाठी ४७७-अ. त्यानंतरच्या नोंदींना नव्या संहितेची ३१६(४) आणि ३४४ ही कलमे. सुदैवाने दोन्हीकडे मर्यादा सात वर्षांचीच असल्याने फार वाद होणार नाही. साध्या न्यासभंगाची कमाल शिक्षा नव्या संहितेने तीनवरून पाच वर्षांवर नेली आहे, आणि तसा आरोप असता तर जुन्या कृत्यांना वाढीव शिक्षा लावता आली नसती; राज्यघटनेच्या अनुच्छेद २० ची ती हमी आहे. खबर आता दिली जाणार असल्याने तपासाची कार्यपद्धती मात्र नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची राहील. प्रत्येक पावतीसाठी वेगळा आरोप ठेवावा लागत नाही, एकूण रक्कम आणि पहिली व शेवटची तारीख सांगितली तरी चालते. परंतु त्या दोन तारखांमध्ये एका वर्षापेक्षा जास्त अंतर असता कामा नये. आपला काळ चौदा महिन्यांचा आहे, म्हणून तक्रारीसोबतचा तक्ता १ जुलै २०२४ पूर्वीचा आणि नंतरचा असा दोन भागांत द्यावा. दोन्ही अडचणी त्यात एकदमच सुटतात.

कबुलीजबाबाविषयी अध्यक्षांचे ते वाक्य महागात पडू शकते. अधिकारस्थानी असलेल्या व्यक्तीने आमिष, धमकी किंवा वचन देऊन मिळवलेली कबुली पुराव्यात घेता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचे कलम २४ आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २२ तेच सांगते. नोकरी ज्याच्या हाती आहे तो अध्यक्ष कर्मचाऱ्याच्या दृष्टीने अधिकारस्थानीच असतो, असा युक्तिवाद बचाव पक्ष नक्की करील. अध्यक्षांनी जबाबात ते वाक्य लपवू नये. कबुली तक्रारीला जोडावी, पण तिच्यावर विसंबू नये.

ती नसली तरी आपले प्रकरण कमकुवत होत नाही. १९६० साली जयकृष्णदास देसाई विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पैसा किंवा माल नेमका कसा आणि कोठे वळवला हे सिद्ध करण्याची गरज नसते. तो सोपवलेला होता, त्याचा हिशेब देता आला नाही आणि दिलेले स्पष्टीकरण खोटे निघाले, तर त्यावरून अप्रामाणिक हेतूचा निष्कर्ष काढता येतो. आपल्याकडे तर प्रत्येक नोंदीसाठी सभासदाची मूळ पावती, पासबुक आणि स्थळप्रत असे तीन कागद आहेत, आणि कार्बनशिवाय लिहिलेली प्रत हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवता येते. म्हणून ती पावतीपुस्तके आजपासून कोणीही हाताळू नयेत, त्यांवर पेन्सिलीनेही खुणा करू नयेत. छायाप्रती काढून पुस्तके मोहोरबंद करावीत आणि पोलिसांनी पंचनाम्याने ताब्यात घेतल्यावर त्याची प्रत मागून घ्यावी. सभासदांच्या मूळ पावत्या मात्र संस्थेने गोळा करून ठेवू नयेत. त्या त्यांच्याजवळच राहू द्याव्यात आणि पोलिसांनी त्या त्यांच्याकडूनच घ्याव्यात; नाहीतर उद्या उलटतपासात, त्या इतके दिवस कोणाच्या कपाटात होत्या, असा प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल.